बायजाबाईने धरलेलं पोतं

पोतं विकायचं तर ते गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर आपटून दाखवायचं, ही माझी रीत. शाळेत मी चौथीच्या पुढे गेलो नाही. धंद्याचं जे आलं ते मस्जिद बंदरच्या फुटपाथवर आलं. तिथं एक म्हातारा बारदानवाला होता. बारदान म्हणजे रिकामी पोती, वापरलेली, फाटलेली, पुन्हा शिवलेली. गिऱ्हाईक आलं की हा म्हातारा पोत्यावर हात ठेवून शपथा घ्यायचा, देवाची, आईची, लेकरांची. गिऱ्हाईक हसायचं आणि पुढच्या दुकानात जायचं. मी तेव्हाच ठरवलं की आपण शपथ घ्यायची नाही, पोत्यालाच बोलतं करायचं.

मग कांद्या-बटाट्याचा बाजार खाडीपलीकडे तुर्भ्याला आला, त्याच्यामागून मी आलो. पावण्याला कारखान्यांच्या मागल्या अंगाला पत्र्याची एक शेड घेतली. आढ्याला लोखंडी तुळई, तिला कप्पी, कप्पीतून दोर. गिऱ्हाईकाने ढिगातून हवं ते पोतं उचलायचं. आम्ही त्यात रेती भरायची, तोंड बांधायचं, दोराने तुळईपर्यंत ओढायचं आणि दोर सोडून द्यायचा. पोतं धाडकन जमिनीवर यायचं. शिवण उसवली नाही की सौदा पक्का. या खेळावर मी निम्मी नवी मुंबई माझ्याकडे वळवली, म्हणा ना.

दोर ओढायचं काम शिवरामचं. हा शिवराम मूळचा मराठवाड्याचा, देशावरच्या एका जेलात शिपाई होता, निवृत्त होऊन कोपरखैरण्याला मुलाकडे आला आणि माझ्याकडे राखणदार म्हणून लागला. पहिल्याच दिवशी मी त्याला पोतं आपटून दाखवलं, तर गडी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"शेठ, हे तुम्ही कुठं शिकलात?"

"माझंच डोकं. का रे?"

"आमच्याकडं आदल्या दिवशी असंच करायचे," तो म्हणाला. "माणसाच्या दीडपट वजनाची रेती भरायची, फळी काढायची, दोर टिकतो का बघायचं. भरायचं काम माझ्याकडं होतं."

मी विषय बदलला. पण माणूस कामाचा होता, आणि पुढं दोर ओढायलाही लागला. फक्त एक अट घातली त्याने: आपटून झालं की पोतं तिथल्या तिथं रिकामं करायचं, भरलेलं टांगून ठेवायचं नाही. मी म्हटलं, कबूल.

आता त्या दोन बायकांचं सांगतो. पोती शिवायला माझ्याकडे करावे गावच्या बायका यायच्या. टेम्पो सकाळी आणायचा, दिवेलागणीला सोडायचा. मांडीवर पोतं, हातात दाभण, तोंडाने सारखी टकळी. त्यांत बायजाबाई आणि चांगुणाबाई या शेजारणी. एकीच्या चुलीवरचं दुसरीच्या पोराने खाल्लेलं. बायजाबाईचा देवजी आणि चांगुणाबाईचा हिरामण एकाच होडीवर जायचे.

खाडीत जाळं कुठं लावायचं यावरून त्या दोघांचं वाजलं. एका रात्री हिरामण बायजाबाईच्या घरी जेवला, बोंबलाचं कालवण दोनदा मागून घेतलं, आणि देवजीला म्हणाला, चल, भरती बघून येऊ. होडीत त्याने देवजीच्या डोक्यात वल्हं घातलं, कमरेला नांगराचा दगड बांधला आणि खाडीत सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी गाव शोधायला निघालं तर त्यांच्या पुढं हाच, बायजाबाईचा हात धरून. ओहोटीला चिखलात प्रेत उघडं पडलं तेव्हा खांदा द्यायलाही हाच होता. मग पकडला गेला. ठाण्याच्या कोर्टाने फाशी दिली, वरच्या कोर्टांनी कायम केली.

दोघी बायका तरी कामाला येत राहिल्या. पोटाला सुट्टी नसते. बायजाबाई दारापाशी बसायची, चांगुणाबाई पार मागे, थप्पीच्या आडोशाला. मधल्या बायकांनी बोलणंच कमी केलं. शेडमध्ये नुसता सुतळी ओढल्याचा आवाज.

आणि मी? मी फाशीच्या बाजूचा. बाजारात चहाला बसलो की माझाच आवाज मोठा. दोनेक वर्षांपूर्वी सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की फाशी कायद्यात बसते, पण अगदी क्वचितातल्या क्वचित गुन्ह्यालाच द्यावी. मी म्हणायचो, जेवून उठून जेवू घालणारीचा मुलगा मारला, याहून क्वचित काय असतं, सांगा.

त्र्याऐंशीच्या थंडीतली गोष्ट. त्या संध्याकाळी मंचरचा दिलीप आला होता, बटाट्याचा मोठा व्यापारी, बुलेटवर. त्याला पोतं आपटून बघायचं होतं. त्याच वेळी वाशीहून वकीलबाई आल्या, वैजयंती नाव. फाशी बंद व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांतल्या. हिरामणसाठी राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज चालला होता आणि त्यांना त्याच्यावर बायजाबाईचा अंगठा हवा होता. "मेलेल्याची आईच म्हणाली की मारू नका, तर फरक पडू शकतो," असं त्यांचं म्हणणं. याआधी दोनदा बायजाबाईने त्यांना परत पाठवलं होतं.

बाकीच्या बायका हळदीकुंकवाला म्हणून दुपारीच गेल्या होत्या. टेम्पोला उशीर झालेला. वीज गेली. शिवरामने कंदील लावून थप्पीवर ठेवला. तागाचा वास तुम्हाला माहीत असेल, कोरडा, घशात बसणारा. त्या दिवशी त्यात खाडीचा वास मिसळला होता, आणि शेडपासून खाडी काही जवळ नाही. मला वाटलं, वारा फिरला असेल.

"बायजाबाई, एकदा ऐकून तरी घ्या," वकीलबाई म्हणाल्या.

"ऐकलं. माझ्या पोराला मारताना कोनी अर्ज केलता?"

"बाई," मी मध्ये पडलो, "माझा धंदा फाटक्याला थिगळ लावायचा आहे. पण कुजलेलं पोतं मी शिवत नाही. ते जाळतो. नाहीतर सगळी थप्पी जाते."

"कुजलंय हे कळतं कसं, शेठ?"

"हात घालून बघतो."

"मग हिरामणला जाऊन भेटलात कधी?"

दिलीप हसला. "वकीलबाई पॉइंटाची आहे, शेठ."

"मी कशाला भेटू? सरकार बघेल."

"सरकारला काय हात असतात?"

"असतात," शिवराम कंदिलाची वात कमी करत म्हणाला. "मी बघितलेत. नंतर दिवसभर धूत बसतात."

मागून, थप्पीच्या आडून, चांगुणाबाईची दाभण थांबलेली कळली. ती कधी एक शब्द बोलायची नाही.

विषय फार ताणला होता. दिलीपही घड्याळ बघायला लागलेला. मी टाळी वाजवली आणि म्हटलं, चला, आधी धंदा. दिलीपने ढिगातून एक पोतं ओढलं, त्याच दिवशी शिवलेलं. शिवरामने रेती भरली. दोर बांधताना तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "शेठ, आज राहू द्या."

"का?"

"आज इथं दोघी आहेत."

मला त्याचा राग आला. गिऱ्हाईकासमोर नोकराने नको म्हणणं मला चालत नाही. मी म्हटलं, ओढ. त्याने ओढलं. पोतं वर गेलं, कंदिलाच्या उजेडाबाहेर, तुळईच्या अंधारात. त्याने दोर सोडला.

धाडकन आवाज आलाच नाही. नुसता एक हिसका, आणि कुणी दम खाऊन श्वास आत ओढावा तसा काहीसा... पोतं माणसाच्या छातीच्या उंचीवर येऊन थांबलं होतं. हळूहळू गोल फिरत होतं.

"कप्पी अडकली," दिलीप म्हणाला.

मीही तेच म्हणणार होतो. मग माझं लक्ष खाली गेलं. शिवरामने सोडलेली दोराची बाजू कप्पीवरून नुसती लोंबत होती आणि तिचं टोक जमिनीवर सैल पडलं होतं. त्या टोकाला कुणी धरलेलं नव्हतं, कुठं गाठ बसलेली नव्हती. तरी कप्पीपासून पोत्यापर्यंतचा दोर काठीसारखा ताठ.

पोतं फिरत फिरत दाराकडे वळलं आणि थांबलं, आणि मग हलायला लागलं. झोका नव्हे. खालचा भाग तेवढा हलत होता, एकदा इकडे, एकदा तिकडे, जमीन शोधल्यासारखा.

दिलीप दारातून कधी गेला ते मला कळलं नाही. बुलेटचा आवाज तेवढा ऐकला. त्याने माझ्याकडून पुन्हा कधी माल घेतला नाही.

बायजाबाई उठली. मांडीवरचं पोतं पडलं, दाभण पडली. ती सरळ चालत गेली, त्या पोत्याला खालून दोन्ही हातांनी मिठी घातली आणि वर उचललं. वरचा दोर सैल पडला. कसलातरी श्वास सुटल्याचा आवाज आला.

"धरा..." ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "कोनीतरी धरा... खाली ओढतंय."

शिवराम विळा घेऊन थप्पीवर चढला आणि दोरावर घासू लागला. पातं ओल्या बांबूवरून सरकावं तसं सरकत होतं, एक धागा तुटेना. मग तो खाली आला आणि त्याने पोत्याचा तळ फाडला. रेती भसाभसा बायजाबाईच्या पायांवर सांडली. पोतं चिपाड झालं, तिच्या हातांत नुसतं गोणपाट उरलं. मला हायसं वाटलं. पण तिचे हात तसेच पसरलेले राहिले, जाडजूड काहीतरी कवेत असल्यासारखे. तिचे दंड थरथरत होते.

"बाई, सोडा आता," मी म्हटलं. "रिकामं झालं."

"नाय झालं, शेठ," ती म्हणाली. "तेवढंच जड हाय..."

तिचे हात जरा खाली आले आणि वर दोर करकरला, ताठ झाला. मग शेडमध्ये जो आवाज झाला तो मी तुम्हाला सांगणार नाही. शिवरामने कान झाकले. त्याला तो ओळखीचा असावा.

तेव्हा मागून चांगुणाबाई आली. त्या प्रकारानंतर या दोघी एकमेकींच्या हाताएवढ्या अंतरावर पहिल्यांदाच आल्या असतील. तिने दुसऱ्या बाजूने हात घातले.

"बायजे, तू सोड. माझा हाय तो."

"तुझा नाय," बायजाबाई म्हणाली. "देवज्या हाय. मना माझ्या पोराची कंबर कळत नाय काय..."

"माझा हाय, बायजे."

"बरं. तुझा तर तुझा. सोडू नको मातर."

दोघी तशाच धरून उभ्या राहिल्या, कपाळाला कपाळ लागेल इतक्या जवळ. वकीलबाई भिंतीला चिकटल्या होत्या, अर्जाची पिशवी छातीशी. अर्जाचं नाव त्यांनी काढलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने आवर्जून सांगतो.

बायजाबाईच म्हणाली. "वकीलबाई... तो कागद आना."

"नको, आत्ता नको. घाबरून देऊ नका तुम्ही."

"घाबरून नाय. ह्याला लटकवा म्हनून मीच कोर्टात उभी राहून बोललेली. मंग आता मी हितं धरून कशाला उभी हाय? आना."

पण अंगठा द्यायला हात मोकळा हवा, आणि चांगुणाबाई एकटीला ते पेलणारं नव्हतं. हाडकुळी बाई, तिचे गुडघे आधीच वाकले होते. शिवराम पुढं येईना. तो म्हणाला, "मी भरलेलं आहे, शेठ. मला धरता येणार नाही." मग मीच उरलो.

मी खाली वाकलो आणि उजवा खांदा त्या गोणपाटाखाली दिला. बायजाबाईने हात काढले.

धंद्यात मी हमालासारखी ओझी वाहिली आहेत, मला वजन कळतं. हे माणसाचं वजन होतं. ओझं नुसतं बसतं. हे बसलं नाही, उभं राहिलं. शर्टातून मला बोटं जाणवली. पायाची बोटं. गार, ओली, आणि घट्ट आवळलेली, निसरड्या जागी उभं राहताना आपण आवळतो तशी. एक पाऊल खांद्यावर, दुसरं मानेच्या बुडाशी. ते थरथरत होतं. माझ्यापेक्षा जास्त घाबरलेलं होतं ते.

कंदिलाच्या उजेडात बायजाबाईने शाईत अंगठा बुडवला आणि वकीलबाईंनी दाखवलेल्या जागी टेकवला. बराच वेळ दाबून धरला.

आम्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता सुटेल. काही सुटलं नाही. पावलं तिथंच.

"शेठ," शिवराम म्हणाला, "व्हा बाजूला. अंगठा झाला. आता काय असेल ते असेल."

तुम्ही इथं बसून म्हणाल, बाजूला व्हायचं त्यात काय, वर रिकामं गोणपाट. वर्षभर मीच बाजारात ओरडत होतो, एकदाचा लटकवा. त्यासाठी फार काही करावं लागत नव्हतं. ढकलायचं नव्हतं, ओढायचं नव्हतं. एक पाऊल बाजूला टाकायचं, बस्स. मला ते टाकता येईना. मान भरून आली, डोळ्यांपुढं काजवे चमकले, तरी येईना.

"थप्पी लावा," मी म्हटलं. "माझ्या खांद्याच्या उंचीपर्यंत."

मग शिवराम, वकीलबाई आणि त्या दोघी, चौघांनी पोत्यांचे गठ्ठे ओढून माझ्या बाजूला रचायला सुरुवात केली. एकावर एक, दाबून, कोपरे जुळवून. वकिलीण माणूस, पण पदर खोचून गठ्ठे उचलत होती. बाहेर टेम्पो आला, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, दारातून आत डोकावला आणि परत जाऊन गाडीत काचा लावून बसला. थप्पी माझ्या खांद्याला लागली तेव्हा मी मुंगीच्या पावलाने सरकलो. खांद्यावरचं एक पाऊल उचललं गेलं, मग दुसरं. वरच्या गठ्ठ्यावर शेजारी शेजारी दोन खळगे पडले, आमच्या डोळ्यांसमोर. वरचा दोर सैल होता आणि सैलच राहिला.

त्यानंतर त्या थप्पीला आम्ही हात लावला नाही. माल कमी पडला तर बाहेरून आणला, पण ते गठ्ठे विकले नाहीत. दोघी बायका आता तिच्या दोन बाजूंना बसून शिवायच्या. गप्पा मारायच्या नाहीत, पण सुतळी संपली की एक दुसरीला द्यायची. पोतं आपटायचा खेळ मी बंद केला. शपथेवर विकायला लागलो.

दिल्लीचं उत्तर यायला एक पावसाळा गेला. फाशी रद्द, जन्मठेप. वकीलबाई स्वतः सांगायला आल्या. चांगुणाबाईने बायजाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं, बायजाबाईने तिला उठवलं, आणि म्हणाली, "माझा तर नाय ना आला परत."

मग चांगुणाबाईनेच म्हटलं की आता थप्पी काढू या. मी स्टूल घेऊन वर चढलो. गोणपाट सैल लोंबत होतं, हात लावला तर नुसतं गोणपाट. दोर ओढला, सरळ खाली आला. मला इतकं हलकं वाटलं की मी खाली बघून हसलो. मग वरच्या गठ्ठ्याकडे बघितलं.

दोन खळगे होतेच. पण त्यांच्यासमोर, गठ्ठ्याच्या अगदी पलीकडच्या कडेला, आणखी दोन होते. तिथं कधी कुणी चढलं नव्हतं, शिवराम शपथ घेऊन सांगतो. पहिल्यांपेक्षा खोल, टाचा बाहेर, बोटं आत. पहिल्या पावलांकडे तोंड करून उभे. तिथला ताग ओला होता आणि त्याला चिखलाचा वास येत होता.

मी खाली उतरलो आणि बायकांना म्हटलं, राहू दे, थप्पी कललीय, नंतर बघू. दोघी ऐकून गेल्या. शिवरामने मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः चढला आणि उतरल्यावर म्हणाला, "गठ्ठा हलवू नका, शेठ."

म्हणून तो तिथंच आहे. हिरामण आत आहे, प्रकृती बरी असते म्हणे. चांगुणाबाई त्याला वर्षातून एकदा भेटून येते आणि मला सांगते, पोरगा चांगला आहे, फक्त रात्री भिंतीला पाठ लावून झोपतो. मी बरं म्हणतो. अधूनमधून मी एकटाच स्टुलावर चढतो आणि बघतो. पहिले दोन खळगे होते तिथंच आहेत. दुसरे दोन सुरुवातीला पलीकडच्या कडेला होते. पुढच्या दिवाळीला मध्यावर आले होते. काल बघितलं. आता दोन्ही जोड्यांमध्ये चार बोटं मावतात.